पहाटे सफारी केली, आता नागपुरातला उरलेला दिवस कसा काढायचा?

मी नागपुरात टुरिस्ट गाडी चालवतो. सीझनमध्ये पाहुण्यांना पहाटे उमरेडजवळच्या कऱ्हांडला जंगलाच्या नाहीतर पेंचच्या सिल्लारीच्या गेटवर सोडायचं, सफारी संपेपर्यंत बाहेर थांबायचं आणि दुपारपर्यंत शहरात परत आणायचं, हे माझं नेहमीचं काम. पाहुणे जिप्सीतून उतरले, अंगावरची धूळ झटकली की कुणीतरी मोबाईल पुढे करतोच. त्यात यादी असते. दीक्षाभूमी, फुटाळा, झिरो माईल, अजब बंगला, रामटेक, गोरेवाडा, सीताबर्डीचा किल्ला, संत्रा बर्फी, सावजी. "दादा, रात्री नऊची ट्रेन आहे. एवढं होऊन जाईल ना?"

होतं की. मला काय, गाडी फिरवायचीच आहे. पण उमरेड यायच्या आत मागच्या सीटवरच्या सगळ्यांच्या माना लटकलेल्या असतात, हे मला आरशात दिसतं. म्हणून आता कुणी विचारलं की मी सरळ सांगतो: यादीतल्या दोन गोष्टी ठेवा. एक बसून बघायची आणि एक खायची.

आधी शरीराचा हिशेब समजून घ्या. कऱ्हांडल्याचं गेट नागपूरहून साधारण ६० किलोमीटर, पेंचचं सिल्लारी ७० च्या आसपास. सहाच्या सुमाराला गेटवर हजर राहायचं तर घरातून किंवा हॉटेलातून चारला निघावं लागतं, म्हणजे उठायचं तीनला. आदल्या रात्री कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करण्यात आणि उत्साहात अकरा वाजलेले असतात. मग उघड्या जिप्सीत तीन-चार तास कच्च्या रस्त्यावर धक्के. डिसेंबर-जानेवारीत तोंडावर असा गार वारा की बोटं वळत नाहीत, एप्रिल-मेमध्ये नवाच्या पुढे ऊन चटके द्यायला लागतं. पोटात एक कप चहा आणि दोन बिस्किटं. त्यात सगळा वेळ डोळे ताणून झुडपात बघायचं. माणूस बसूनच असतो, तरी अंग मोडून जातं.

आणखी एक गोष्ट पाहिली आहे. वाघ दिसलेले पाहुणे शांत असतात. फोटो पाठवतात आणि झोपतात. वाघ न दिसलेल्यांची दुपार मात्र फार खचाखच भरलेली असते, कारण त्यांना भरपाई हवी असते. मागच्या हिवाळ्यात पुण्याचे एक रिटायर्ड काका होते. जंगलात त्यांना रानगवे दिसले, मोर दिसले, वाघाच्या पंजांचे ताजे ठसे दिसले, पण वाघ नाही. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयाचं विचारायला सुरुवात केली, तिथे तरी नक्की दिसेल म्हणून. काकू मागून म्हणाल्या, "अहो, मला आधी आंघोळ करू द्या. वाघाला तुम्ही उद्या भेटा." काकूंचंच ऐका. गोरेवाड्याची इंडियन सफारी २०२१ साली सुरू झाली आणि ती चांगली आहे, लहान मुलांना तर आवडतेच. पण ती वेगळ्या दिवशी करा. सकाळी जंगल बघून दुपारी पुन्हा बसच्या काचेतून प्राणी बघण्यात काहीच मजा नाही.

गेटवर काय करायचं

दिवस नीट जायचा असेल तर त्याची तयारी गेटवरच होते. जिप्सीतून उतरलात की लगेच गाडीत बसू नका. तोंड, मान, कोपरापर्यंत हात धुवा. टॉवेल नसेल तर जुना गमछा डिकीत ठेवा, तो दिवसभर कामाला येतो. वरचा शर्ट बदला. धुळीच्या शर्टात एसी गाडीत बसलात की अर्ध्या तासात नाक आणि घसा दोन्ही बोलायला लागतात. थंडीत घातलेली जाकिटं, कानटोप्या एका पिशवीत कोंबा आणि ती पिशवी संध्याकाळपर्यंत उघडू नका. बाथरूम तिथेच आटपा, पुढे चांगलं मिळेलच असं नाही.

पाणी प्या, पण फ्रिजमधलं घटाघट नको. उन्हाळ्यात मी गाडीत मीठ-साखर घातलेलं पाणी ठेवतो. ताक मिळालं तर उत्तम. गेटबाहेरच्या टपरीवर चहा आणि थोडं काही खाऊन घ्या, म्हणजे डोकं धरणार नाही. भरपेट मात्र नको. भरल्या पोटी रस्त्यावर झोप लागते, मग हॉटेलवर पोचल्यावर झोप येत नाही आणि दिवस विचित्र होऊन बसतो.

रस्त्यात काय करायचं? काहीही नाही. झोपा. कऱ्हांडल्याहून येताना उमरेडच्या आसपास कोळशाचे ट्रक लागतात, त्यामुळे दीड तास धरून चला. पेंचहून ४४ नंबरचा हायवे आहे, गाडी छान पळते. पेंचच्याच खुर्सापार गेटकडून येत असाल तर जंगलातल्या पट्ट्यात रस्ता पुलांवर उचललेला दिसेल. खालून जनावरांना जाता यावं म्हणून हे पूल बांधलेत, सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा आहे. पोरं जागी असतील तर त्यांना तेवढं दाखवा.

याच रस्त्यावर मनसर येतं आणि तिथे हमखास कुणीतरी म्हणतं, "रामटेक इथून जवळच आहे ना?" जवळ आहेच. पण गडावरचं मंदिर, तिथला परिसर, कालिदासाचं स्मारक हे सगळं पायाने बघायचं ठिकाण आहे. तिथे सकाळी ताज्या पायांनी जावं. दुपारी बारा वाजता, जिप्सीतून उतरलेल्या गुडघ्यांनी जाऊ नये.

ताडोब्याहून येणाऱ्यांचं गणित वेगळं. कोलारा गेटवरून चिमूर-भिसी-उमरेड मार्गे दोन-अडीच तास, मोहर्लीहून चंद्रपूर-वरोऱ्याकडून तीन तास तरी धरा. तुम्ही नागपुरात दीड-दोनला पोचणार. तुमच्यासाठी शहर म्हणजे जेवण, झोप आणि संध्याकाळी एक चक्कर, याच्या पुढे जाऊच नका. शक्य असेल तर ती रात्र जंगलाजवळच काढा आणि शहर दुसऱ्या दिवसावर टाका. आणि बुकिंग करताना लक्षात ठेवा, ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, मंगळवारी बंद असतो.

परतीची गाडी कुठली, यावर सगळं

दिवस शेवटापासून मागे मोजत या. मुंबईकडे जायचं असेल तर विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी पाचच्या आसपास निघते. सफारीच्या दिवशी तिचं तिकीट काढूच नका. पहाटेपासून पळापळ, मग जेवून लगेच स्टेशन, शहर तर दिसतच नाही. दुरांतो किंवा सेवाग्राम रात्री निघतात, त्या बऱ्या. विमान असेल तर आठनंतरचं बघा. वेळा बदलत असतात, तिकिटावरची वेळ बघूनच आखा.

आता खोलीचा प्रश्न. बहुतेक हॉटेलांत सकाळी अकरा-बाराला खोली सोडावी लागते आणि तुम्ही तर बाराला परत येता. म्हणून आदल्या दिवशीच हॉटेलवाल्याला सांगा की सफारीहून येऊन संध्याकाळी पाचपर्यंत खोली हवी. फोन करून आधी विचारलं की अर्ध्या भाड्यात किंवा थोड्या जास्तीच्या पैशात बरेच जण देतात. काउंटरवर ऐन वेळी वाद घालून मिळत नाही. सहा माणसांनी दोनच खोल्या ठेवल्या तरी चालतं, आंघोळी आळीपाळीने होतात. स्टेशनवर रिटायरिंग रूम आहेत, त्या आधी बुक कराव्या लागतात. नुसतं सामान ठेवायचं असेल तर क्लोकरूम आहे. पण माझं ऐकाल तर खोलीवर कंजुषी करू नका. संत्रा बर्फीचे दोन डबे कमी घ्या.

दुपार

साडेअकराच्या आत शहरात पोचलात तर पोह्यांची आशा धरायला हरकत नाही. नागपूरचे तर्री पोहे म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री, वरून कांदा, चिवडा. कस्तुरचंद पार्कजवळचे पोहे प्रसिद्ध आहेत. पण हा सकाळचा खेळ आहे. उशीर झाला की पोहे वातड आणि तर्री तळाला गेलेली, तिखट तेवढं शिल्लक. साडेअकरा वाजून गेले असतील तर हट्ट सोडा आणि सरळ जेवा.

जेवण साधं घ्या. वरण-भात, पोळी, एखादी भाजी, ताक. पाटोडी रस्सा मिळाला तर घ्या, पण रस्सा वाटीभरच. सावजीला या वेळी हात लावू नका, त्याचं पुढे सांगतो. जेवण झालं की गप्पा नाहीत, फोटो बघणं नाही, आंघोळ करा आणि दोन तास आडवे व्हा. अलार्म लावा. चारच्या पुढे झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीच्या ट्रेनमध्ये टक्क जागे राहता.

ही झोप लाड म्हणून सांगत नाही. उन्हाळ्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच आमची माणसंसुद्धा बाहेर पडत नाहीत. मेअखेरीस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तेव्हा तर पारा ४५ च्या आसपास असतो आणि रस्ते ओस पडतात. त्या वेळी झिरो माईलचा खांब बघायला उतरलेले पाहुणे मी पाहिलेत. पाच मिनिटं उभे राहिले, चार घोडे आणि तो दगडी खांब यांच्यासोबत सेल्फी काढली आणि पळत गाडीत आले. इंग्रजांच्या मोजणी खात्याने १९०७ साली बसवलेली ती खूण आहे, बघायला हरकत नाही. पण ती रस्त्यावरच आहे. संध्याकाळी स्टेशनला जाताना गाडी हळू करून दाखवता येते.

झोप येतच नसेल, किंवा बरोबर पोरं असतील आणि ती झोपूच देत नसतील, तर रमण विज्ञान केंद्राचं तारांगण बघा. गांधीसागर तलावासमोर आहे. अंधार, थंडावा, मागे रेललेली खुर्ची आणि डोक्यावर तारे. पोरं बघतात, आईबाप घोरतात. शोच्या वेळा आधी विचारून जा.

संध्याकाळी एकच जागा

पाचनंतर बाहेर पडा आणि एकच ठिकाण निवडा. "दोन्ही होतील" असं म्हणणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला पुढच्या सीटवर बसवा आणि बोलू द्या.

माझी पहिली पसंती दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. आजचा मोठा स्तूप पुढे बांधला गेला, २००१ साली त्याचं उद्घाटन झालं. थकलेल्या माणसाला ही जागा का सांगतो? कारण इथे करायचं काही नसतं. चप्पल बाहेर ठेवायची, आत जायचं. स्तूप आतून पोकळ आहे, वर सगळा घुमट. मधोमध बुद्धमूर्ती, बाबासाहेबांच्या अस्थी. पायाखालची फरशी गार लागते. भिंतीकडे सरकून बसायचं. दिवसभर जिप्सीच्या इंजिनाची घरघर, गाईडचं "शू… शू…", वॉकी-टॉकी, हॉर्न हे सगळं कानात साठलेलं असतं, ते तिथे उतरतं. बाहेर बोधिवृक्ष आहे, श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षापासून आणलेला. त्याच्या आसपास थोडं फिरा. ही श्रद्धेची जागा आहे, तेव्हा आवाज आणि कपडे दोन्ही बेताचे असू द्या. दसऱ्याला आणि १४ ऑक्टोबरच्या आसपास देशभरातून लोक येतात, शहराचा तो भाग माणसांनी भरून जातो. ते बघायचं असेल तर त्यासाठी मुद्दाम या, सफारीला जोडून नको.

दुसरी पसंती फुटाळा तलाव. भोसल्यांच्या काळातला आहे. काठावर बसायला जागा, समोर पाणी, पलीकडे झाडी, मागे कणसं आणि कॉफी. सूर्य पाण्यापलीकडे उतरतो तेव्हा बरं वाटतं. पण हे सोमवार ते गुरुवार. रविवारी तिथे बाइक, स्पीकर आणि पार्किंगसाठी भांडणं, अशी जत्रा असते. शनिवार-रविवारी आलात तर मेट्रो घ्या.

मेट्रो म्हणजे फिरणं कसलं, असं पाहुण्यांना वाटतं. पण ज्याचे पाय दुखतात आणि तरी शहर बघायचं आहे, त्याच्यासाठी यासारखं दुसरं काही नाही. सीताबर्डीला दोन्ही लाइन एकत्र येतात. तिथून ॲक्वा लाइनने लोकमान्यनगरच्या दिशेने बसा, खिडकी पकडा. झाशी राणी चौक, शंकरनगर मागे पडतं आणि मग अंबाझरी तलावाचं पाणी खाली पसरलेलं दिसतं. शेवटपर्यंत जा आणि त्याच गाडीने परत या. एसीत बसून, वरून, रिक्षावाल्याशी घासाघीस न करता शहर बघून होतं. विमानतळाकडे जाणाऱ्या ऑरेंज लाइनवर वर्धा रोडचा डबल डेकर पूल आहे. खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, ३.१४ किलोमीटर लांब. गिनीज बुकात त्याची नोंद झाली होती. पहाटेपासून जंगलाकडे बघून कंटाळलेल्या पोरांना हा पूल वाघापेक्षा जास्त आवडलेला मी पाहिला आहे.

अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, मला स्वतःला फार आवडतो. पण ते पायांचं काम आहे, दालनामागून दालन. शिवाय सोमवारी बंद. दुसऱ्या दिवशी थांबणार असाल तरच. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे आणि सर्वसामान्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडा असतो, त्यामुळे यादीतून त्याला निःसंकोच काढा. सेवाग्राम-वर्धा ७५ किलोमीटरवर आहे. त्या दिवशी त्याचं नावही काढू नका.

खाणं आणि खरेदी

संत्री विकत घ्यायची असतील तर महिना बघा. मेमध्ये वाघ छान दिसतो, पाणवठ्यावर येतो, पण संत्रं नसतं. संत्र्याला वर्षातून दोन बहार येतात: आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबरपर्यंत, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. "नागपूरला येऊन संत्री नाहीत?" असं दर उन्हाळ्यात कुणीतरी रागावून विचारतं. काऊन रागावता, झाडाला विचारा. उन्हाळ्यात संत्रा बर्फी घ्या, ती बारा महिने मिळते. हल्दीरामची सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, १ जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोअरच्या सफारी बंदच असतात.

हिवाळ्यात सांबारवडी चुकवू नका. ताजी कोथिंबीर ठासून भरलेली, वरचं आवरण खुसखुशीत, सोबत कढी. संध्याकाळी दोघांत एक घेतली की रात्रीचं जेवण हलकं होतं, म्हणजे ट्रेनसाठी बरं.

सावजी. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेलं हे जेवण इतवारी, गांधीबाग, महाल या जुन्या भागांत चांगलं मिळतं. मटणाचा काळपट रस्सा, वर तेलाचा थर, पहिल्या घासाला चव कळते आणि चौथ्या घासाला कान गरम होतात. माझा नियम साधा आहे: सावजी त्याच रात्री खा, ज्या रात्री तुम्हाला गादीवर झोपायचं आहे आणि सकाळी कुठे जायचं नाही. पहाटे तीनला उठून, उन्हात भाजून, मग सावजी खाऊन रात्री स्लीपरच्या वरच्या बर्थवर चढायचं, हे धाडस जंगलातल्यापेक्षा मोठं आहे. मुक्काम असेल तर जरूर जा. "तर्री कमी" असं आधीच सांगा. शाकाहारी असाल तर डाळकांदा मागा.

ड्रायव्हरबद्दल

हे मी माझ्या तोंडाने सांगतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही तीनला उठता तेव्हा ड्रायव्हर अडीचला उठलेला असतो. तुम्ही जंगलात असता तेव्हा तो गाडीत सीट मागे करून माश्या हाकलत पडतो, ती झोप नाही. पॅकेज बारा तासांचं आहे म्हणून त्याला दुपारी तीनपर्यंत आणि मग पुन्हा संध्याकाळी रात्रीपर्यंत फिरवणं धोक्याचं आहे. हॉटेलवर पोचलात की गाडी सोडून द्या. संध्याकाळसाठी मेट्रो आणि ऑटो पुरतात. दीक्षाभूमीला जायला मेट्रोने रहाटे कॉलनीला उतरा, पुढे ऑटो. गाडीच हवी असेल तर मालकाला आदल्या दिवशी सांगा, तो दुसरा माणूस पाठवतो. परतीच्या रस्त्यावर ड्रायव्हर खिडकीची काच खाली करू लागला, किंवा तुमच्या प्रश्नाला उशिरा उत्तर देऊ लागला, तर पुढच्या टपरीवर चहाला थांबायला सांगा. तो स्वतःहून म्हणणार नाही.

निघताना स्टेशनसाठी अर्धा तास हातचा ठेवा. नागपूर स्टेशनला दोन बाजू आहेत: टेकडीच्या गणपतीकडची मुख्य बाजू आणि मागची संत्रा मार्केटची बाजू. ऑटोत बसतानाच कुठल्या बाजूला जायचं ते सांगा. प्लॅटफॉर्म नंबर आधी मोबाईलवर बघा, आठ नंबर असेल तर संत्रा मार्केटकडून जा, जिन्यावरून बॅगा ओढाव्या लागत नाहीत.